रिपोर्ट नॉर्मल, तरी जीव घाबरा: अमळनेरकडच्या एका जिभाऊंची केस

ही केस लिहायला जिभाऊंनी स्वतः होकार दिलाय, फक्त ओळख पटू नये म्हणून घरच्या आणि कामाच्या काही गोष्टी मी बदलल्यात. जिभाऊ म्हणाल तर आपल्या खान्देशात दर दुसऱ्या घरात एक असतोच, त्यावरून कोणाला काही कळायचं नाही. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. खाली औषधांचं आणि तपासण्यांचं जे येईल ते त्यांच्या छातीच्या डॉक्टरांनी ठरवलेलं आहे, कोणी ते तसंच उचलून स्वतःवर लावू नका.

तर वय ४६, अमळनेर-धरणगाव पट्ट्यातला माणूस, एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, काट्यावर दिवाणजी. थोडी कोरडवाहू शेती, बायको, दोन मुलं, घरात माय. सिगारेट एकविसाव्या वर्षी लागली ती २५ वर्षं चालू, दिवसाला साधारण १२. सीझनला जास्तच, कारण दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत काट्यासमोर ट्रॅक्टरची लाईन असते, आणि दर दोन-चार गाड्यांनंतर कोणीतरी व्यापारी नाहीतर ड्रायव्हर पाकीट पुढं करतोच.

आणखी एक गोष्ट, ती त्यांनी बऱ्याच उशिरा सांगितली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्यांचे साडू गेले. त्या दिवसांत आपल्याकडं चहाच्या टपरीवरसुद्धा एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा, स्कोर हाच विषय असायचा, साडूंचा २५ पैकी १८ आला होता, आणि बेड शोधत गाडीत त्यांना घेऊन फिरणारे हेच. साडू सिगारेटला शिवलेसुद्धा नव्हते. जिभाऊंच्या डोक्यात तेव्हापासून बसलेलं वाक्य असं की त्याचं असं झालं तर माझं काय.

तीन वेळा छाती भरली

पहिल्यांदा दिवाळीनंतर. आधी सर्दी, मग ताप, मग पिवळा कफ. गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, ताप उतरला, खोकला राहिला. आता साध्या ब्रॉन्कायटिसचा, म्हणजे श्वासनळ्यांच्या सुजेचा, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतोच, आणि बहुतेक वेळा तो व्हायरसचा असतो म्हणजे अँटिबायोटिकनं त्याला काही फरक पडत नाही, पण हे जिभाऊंना कोणी नीट बसवून सांगितलं नव्हतं. त्यांचा हिशोब सरळ होता, गोळ्या संपल्या तरी खोकला आहे म्हणजे गोळी लागू पडली नाही, गोळी लागू पडली नाही म्हणजे आजार मोठा आहे. मग दुसरा डॉक्टर, दुसरी गोळी.

दुसऱ्यांदा जानेवारीत, आणि हा खरा न्यूमोनिया होता. एक्स-रेत उजवीकडं खाली पॅच, तालुक्याला ॲडमिट, सलाईन, सगळं. तिसऱ्यांदा मार्चमध्ये परत ताप आणि कफ, पण या वेळी एक्स-रे स्वच्छ. मधल्या काळात कफ टीबीसाठीही तपासला होता, सीबीनॅट, निगेटिव्ह आली. ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर ती करून घ्यावीच, त्यात लाजण्यासारखं काही नाही, तरी जिभाऊ तोंडाला रुमाल बांधून गेले होते, कोणी ओळखू नये म्हणून.

एकाच सीझनला तीनदा का, याचं उत्तर तसं अवघड नव्हतं. आपल्या श्वासनळीच्या आतल्या बाजूला अतिशय बारीक केस असतात, ते सतत हलत राहून कफ, धूळ, जंतू वर ढकलतात. सिगारेटच्या धुरानं ते केस मंदावतात, काही झडतात, आणि कफ मात्र जास्त तयार होतो. म्हणजे घाण जास्त आणि झाडणारं कमी. त्यात जिनिंगची रुईची फूस, त्यात थंडी, त्यात शेतांमध्ये पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जाळायचे दिवस. घरात धाकटा मुलगा शाळेतून दर पंधरा दिवसांनी सर्दी घेऊन यायचा ते वेगळंच.

भीती कशी चालायची

माझ्याकडं त्यांना वहिनी घेऊन आल्या, म्हणजे त्यांची बायको. पहिलं वाक्य वहिनींचंच होतं, "ताई, यास्ले झोप नही, मालेबी नही." जिभाऊ फाईल मांडीवर घेऊन बसलेले. फाईल म्हणजे साड्यांच्या दुकानाची मोठी पिशवी, तिच्यात एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, तीन ईसीजी, पाच-सहा डॉक्टरांचे कागद, आणि प्रत्येक कागदावर पेनानं त्यांनी स्वतः गोल केलेले आकडे.

मी त्यांना एका दिवसाचं सांगायला लावलं, सकाळपासून. उठल्या उठल्या मोरीत जाऊन कफ काढायचा आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये त्याचा रंग बघायचा. येत नसेल तर ओढूनताणून काढायचा, मग घसा खरवडल्यासारखा होतो, मग त्यात कधी लालसर रेष दिसते का म्हणून परत बघायचं. मग ऑक्सिमीटर. कोविडमध्ये घेतलेला, तो शर्टाच्या खिशातच असायचा सिगारेटच्या पाकिटाबरोबर, आणि दिवसात किती वेळा लावता विचारलं तर म्हणे मोजलं नाही, वहिनी म्हणाल्या चाळीस वेळा तरी. ९७ आला की पाच मिनिटं बरं वाटायचं, ९५ आला की दुसऱ्या बोटाला, मग तिसऱ्या. थंडीत बोटं गार असली की आकडा गडबडतो हे त्यांना माहीत होतं, तरी छातीत धस्स व्हायचंच. मग दहा सेकंद श्वास रोखून बघायचा, ती २०२० सालची व्हॉट्सॲपवरची भाकड चाचणी, जिला तेव्हाही काही आधार नव्हता. मग यूट्यूब. मग वहिनींना विचारायचं, माझा आवाज बसलाय का, मी बारीक दिसतो का. पॅन्ट सैल वाटते म्हणून काट्यावर स्वतःचं वजन, पण तो ट्रकचा काटा, त्याला माणसाचं किलो-दोन किलो काय कळणार, म्हणून मग रेशन दुकानातल्या काट्यावर.

रात्री वेगळाच प्रकार. अकरा-बाराला छातीत आवळल्यासारखं, श्वास पुरत नाही, म्हणून जोरजोरात श्वास, मग बोटांना मुंग्या, ओठ बधिर, आणि "गया मी" म्हणून उठून बसायचं. दोनदा त्या अवस्थेत तालुक्याला नेलं, ईसीजी नॉर्मल, ऑक्सिजन ९८. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड उतरतो आणि मुंग्या त्यामुळं येतात. हे त्यांना मी नंतर खुर्चीत बसवून मुद्दाम तसे श्वास घ्यायला लावून दाखवलं, अर्थात त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून. दीड मिनिटात तीच बोटं, तेच ओठ. त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

आणि या सगळ्यात सिगारेट कुठं होती? चालूच होती. हे मला आधी कळतच नव्हतं. जानेवारीत जळगावकडच्या एका नातेवाइकाच्या मळ्यात भरीत पार्टी होती, बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांवर भाजलेली, कळण्याची भाकरी, तर पऱ्हाट्यांच्या धुरानं छातीला त्रास होईल म्हणून हे गेले नाहीत, आणि घरी थांबून गोठ्यामागं जाऊन तीन सिगारेटी ओढल्या. विचारलं तर म्हणाले, ताई, जीव इतका घाबरतो की ओढल्याशिवाय राहवत नाही. ओढली की शांत वाटतं. शांत वाटलं की आठवतं आपण काय ओढलं. मग परत घाबरतो.

"तुले काहीच व्हयेल नही"

घरचे सगळे हेच म्हणायचे. माय म्हणायची, मोठा भाऊ म्हणायचा, दोन डॉक्टर म्हणाले की टेन्शनचं आहे, टेन्शन घेऊ नका, आणि झोपेची गोळी लिहून दिली. एकानं तर फाईल न उघडताच सांगितलं. धीर देणं हे खाजवण्यासारखं असतं, खाजवताना बरं वाटतं आणि थोड्या वेळानं खाज दुप्पट. जिभाऊंना प्रत्येक "काहीच नाही" तीन-चार दिवस पुरायचं, नंतर एका दिवसावर आलं, शेवटी दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंतसुद्धा पुरेना.

पण मला यात दुसरी अडचण दिसत होती आणि ती मी इथं नीट लिहिते कारण या केसचा गाभा माझ्या मते तोच आहे. आजाराची धास्ती घेतलेल्या माणसाबरोबर काम करताना आपण बहुतेक वेळा हे धरून चालतो की धोका लहान आहे आणि भीती मोठी आहे. इथं तसं म्हणायची सोय नव्हती. २५ वर्षं सिगारेट, एक खरा न्यूमोनिया, सकाळचा कफ, जिना चढताना लागणारी धाप. "मनी छातीमा काहीतरी शे, डाक्टर सांगी नही राहिनात," असं ते म्हणायचे तेव्हा मी कोणत्या तोंडानं सांगणार होते की नाही? म्हणून मी नाही सांगितलं. उलट म्हटलं, असू शकतं काहीतरी. वहिनी माझ्याकडं अशा बघायला लागल्या की आता ही बाई काय बोलते. पण जिभाऊ पाठ टेकून बसले.

त्यांना "इलनेस ॲन्झायटी", म्हणजे आजाराची धास्ती, असं लेबल मी लावलं नाही. ते निदान लक्षणं अजिबात नसलेल्या किंवा अगदी किरकोळ असलेल्या माणसासाठी आहे. यांना लक्षणं होती आणि भीतीही होती, दोन्ही खरी, आणि दोन्हीवर काम करायचं होतं. क्रम मात्र महत्त्वाचा होता, आधी छाती, मग भीती, आणि सिगारेट दोन्हीच्या मधे.

एकदाच, पण पूर्ण

आम्ही ठरवलं की एकच छातीचा डॉक्टर धरायचा, बाकी सगळे बंद, आणि त्याच्यापासून काही लपवायचं नाही. कारण पिशवीतले कागद वाचताना माझ्या लक्षात आलं की प्रत्येक कागदावर सिगारेटच्या रकान्यात "क्वचित" लिहिलंय. पाच-सहा डॉक्टरांनी अर्धवट माहितीवर मत दिलं होतं, आणि कुठंतरी आत जिभाऊंना हे माहीत होतं. म्हणूनच कोणाच्या "काहीच नाही"वर त्यांचा विश्वास बसत नव्हता, कारण डॉक्टरला खरं कुठं माहीत आहे! हे त्यांच्या तोंडून आलं, मी नाही सुचवलं.

नवीन डॉक्टरांनी अर्धा तास दिला. दिवसाला १२ म्हणजे वीसच्या पाकिटाचे सहा दशांश, गुणिले २५ वर्षं, म्हणजे १५ पॅक-इयर, असा हिशोब कागदावर करून दाखवला. न्यूमोनियानंतर सहा आठवड्यांनी परत एक्स-रे काढतात तो काढला, सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत तो टाळू नये कारण कधीकधी पॅचच्या मागं दुसरं काही दडलेलं असू शकतं. स्वच्छ होता. जिभाऊंनी सीटी मागितला. डॉक्टरांनी सांगितलं की अमेरिकेत २०२१ पासूनचा सल्ला असा आहे की ५० ते ८० वय आणि निदान २० पॅक-इयर असतील तर दर वर्षी कमी डोसचा सीटी काढा. तुम्ही त्यात अजून बसत नाही, एक्स-रे स्वच्छ आहे, वजन उतरलेलं नाही, कफात रक्त नाही, म्हणून आज नको, पण विषय कायमचा बंद नाही. असं स्पष्ट कारण देऊन "नको" म्हटलेलं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

मग स्पायरोमेट्री. नळीत जोरात फुंकायची तपासणी, पंपाचं औषध देऊन परत एकदा. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भागिले एकूण हवा, हे औषधानंतरही ०.७० च्या खाली असेल तर श्वासनळ्या कायमच्या थोड्या आकुंचन पावल्यात असं धरतात. त्यांचं ०.६६ आलं. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अशा कायमच्या अरुंद होण्याचा आजार, सौम्य पायरीचा.

म्हणजे काहीतरी होतंच.

वहिनी रडल्या. मला वाटलं आता जिभाऊ कोसळतील, आणि त्या रात्री ते सहा तास सलग झोपले. पुढच्या भेटीत म्हणाले, ताई, आता कळलं ना कोणाशी लढायचं ते, आधी सगळ्याच अंधाराला दगड मारत होतो. मी हे लिहितेय म्हणून कोणी असा अर्थ काढू नका की निदान मिळालं की भीती जाते, बऱ्याच जणांची वाढते. यांच्या बाबतीत चाललं कारण कोणीतरी अखेर त्यांच्याशी खरं बोललं होतं. आणि डॉक्टरांनी त्याच बैठकीत दुसरी बाजूही सांगितली की गेलेलं परत येत नाही पण पुढची घसरण मंद करायची सगळ्यात मोठी किल्ली सिगारेट सोडणं हीच आहे, पंपानं धाप कमी होईल, ते काम पंप करू शकत नाही. पंपावरून घरात थोडी महाभारतं झाली, "पंप एकदा लागला की सुटत नाही" हे मायनं कुठून तरी ऐकलेलं. सवय लागते म्हणून पंप चालू राहत नाही, आजार राहतो म्हणून राहतो, हे तिला पटायला बराच वेळ लागला.

फ्रिजवरची चिठ्ठी

मी डॉक्टरांना एकच विनंती केली, की केव्हा यायचं आणि केव्हा यायचं नाही हे लिहून द्या. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर मराठीत लिहिलं. कफात रक्त, बसल्या जागी धाप, आराम करताना ऑक्सिजन ९२ किंवा खाली, तीन दिवसांच्या वर ताप, कफ अचानक जास्त आणि हिरवा-पिवळा व्हायला लागला, छातीत दाबल्यासारखं होऊन हात-जबड्याकडं कळ, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही झालं तर या, पहिल्या दोन आणि छातीच्या कळेला रात्री-अपरात्रीसुद्धा. नुसता सकाळचा खोकला, पांढरट कफ, सर्दीनंतर रेंगाळणारा खोकला, बोटांच्या मुंग्या, यासाठी नको.

ऑक्सिमीटर वहिनींच्या कपाटात गेला. चिठ्ठीतलं काही झालं तरच बाहेर. जिभाऊंनी वाद घातला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट कामी आली, सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड रक्तात चिकटतो आणि बोटावरचं यंत्र त्याला ऑक्सिजनच समजतं, म्हणजे सिगारेट ओढून लावलात तर आकडा जरा फुगलेलाच दिसणार. चाळीस वेळा जे बघत होतात ते धड खरंही नव्हतं. यावर ते बराच वेळ गप्प.

कफ बघणं एकदम बंद झालं नाही. टॉर्च बंद, मग दिवसातून एकदा, मग चूळ भरून सरळ पाणी टाकायचं. काळजी करायला संध्याकाळी सात ते साडेसात वेळ दिली, दिवसभरात जे सुचेल ते वहीत लिहून ठेवायचं आणि सातला वाचायचं. सीझनला सातला काटा चालू असतो म्हणून ती वेळ दुपारी जेवणानंतर घेतली. वहिनींचं काम सगळ्यात अवघड होतं, "माझा आवाज बसलाय का" याला उत्तर द्यायचं नाही, फक्त म्हणायचं, चिठ्ठीत बघा. पहिल्या आठवड्यात यावरून दोघांचं चांगलंच वाजलं.

सिगारेट

निकोटिन रक्तातून दोन तासांत निम्मं होतं. मग अस्वस्थपणा, धडधड, चिडचिड. जिभाऊ त्यालाच छातीचा आजार समजायचे, ओढली की तलफ भागायची आणि वाटायचं सिगारेटनं भीती घालवली. त्यांनी दोन दिवस वहीत वेळा लिहिल्या, घाबरल्याची वेळ आणि आधीच्या सिगारेटची वेळ, आणि बहुतेक झटके शेवटच्या सिगारेटनंतर दोन-तीन तासांनी होते. सोडल्यानंतर काही आठवड्यांनी लोकांची अस्वस्थता वाढण्याऐवजी कमी होते हे २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलेलं आहे, पण वहीतल्या त्या दोन पानांपुढं मला ते सांगावंसुद्धा लागलं नाही.

तारीख सीझन संपल्यावरची धरली. २ मिलिग्रॅमची निकोटिन गम घेतली, आणि ती कशी खायची यात बहुतेक लोक फसतात, च्युइंगमसारखी चघळत राहायची नसते, थोडी चावून झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची. आणि चहा प्यायल्या प्यायल्या घेतली तर नीट लागू होत नाही, पंधरा मिनिटं थांबावं लागतं. चहा आणि सिगारेट यांची गाठ सोडवणं हेच निम्मं काम होतं. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्विटलाईनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा, नंबर त्यांनी इतकी वर्षं बघून कधी लावला नव्हता, तो लावला, फुकट आहे.

सोडल्यावर खोकला वाढला. हे काहींना होतं, ते बारीक केस परत हलायला लागतात आणि साचलेलं वर येतं. आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, तरी एका रात्री कपाटाची किल्ली मागितली. वहिनींनी दिली नाही. दोघं ओट्यावर बसून राहिले आणि पाऊण तासानं झोपले.

श्रावणात कानबाईला, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, सगळे भाऊबंद घरी जमले, रात्रीचं जागरण, रोट, बाहेर अंगणात पुरुषांचा घोळका आणि पाकीट फिरतंय. दोन ओढल्या. सकाळी विसर्जनाला नाचलेसुद्धा, आणि दुपारी मला फोन, ताई सगळं संपलं. दोन सिगारेटींनी काही संपत नसतं. नेमकं कुठं उभे होतात, पाकीट कोणी पुढं केलं, खिशात गम होती का, इतकंच विचारलं. गम घरात कपाटात होती. तेव्हापासून ती शर्टाच्या खिशात असते.

पुढच्या थंडीत एकदा छाती भरली, ताप दोन दिवस, कफ पांढराच. चिठ्ठी बघितली आणि गेले नाहीत. फ्लूची लस त्याआधी घेतली होती, न्यूमोकोकलचीही. काट्याची केबिन काचेनं बंद करून घेतलीय, आत फूस कमी येते, मास्क मात्र उकाड्याचं निमित्त सांगून काढून ठेवतात. रात्रीचे झटके क्वचित येतात. साडूंच्या वर्षश्राद्धाच्या आसपास हमखास येतात, आणि सध्या आमचं बोलणं जे चाललंय ते त्यांच्याबद्दलच चाललंय, सिगारेटबद्दल फारसं नाही.